येऊन राह्यली

आज सकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. “आई, मी येऊन राह्यली,” एवढंच म्हणाली आणि कोणीतरी हाक मारली म्हणून घाईत ठेवला. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. अंगण झाडलं, सडा टाकला, वाळायच्या आत पुन्हा झाडलं. तांदूळ निवडायला घेतले आणि सूप अर्ध्यातच ओट्यावर ठेवून दाराशी जाऊन आले. दाराशी काय होतं? काही नाही. तिची नेहमीची गाडी उद्या सकाळी नागपूरला पोचणार, तिचा मामा तिला घेऊन दुपारपर्यंत ब्रह्मपुरीजवळच्या या आमच्या गावात येणार, हे मला चांगलं माहीत आहे. तरी जाऊन आले. आमचे हे पडवीत दोर वळत बसले होते. शेवटी म्हणालेच, “बस ना वो एका जागी. तुले पाहून मले चक्कर येऊन राह्यली.”

चक्कर येऊन राह्यली म्हणजे चक्कर येते आहे. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दावरून झालं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. सगळा जन्म मी पोरांच्या वह्यांत ‘मले’ खोडून ‘मला’ केलं, ‘जाऊन राह्यलो’ खोडून ‘जात आहे’ केलं. आणि शाळा सुटली की घरी येऊन स्वतः “मले भूक लागून राह्यली” म्हणत चुलीपाशी बसले. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. शाळेत नेसायची साडी वेगळी, घरातली वेगळी, तसंच ते.

तर आमच्या घरी दरवर्षी महाशिवरात्रीला नागपूर आणि पुणे या दोन शहरांचं भांडण होतं. नागपूरच्या बाजूनं माझा मोठा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. पुण्याच्या बाजूनं ह्यांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आमच्या भागात मोठ्या बाईमाणसाला मानानं ‘बाई’ म्हणतात, म्हणून मी आणि दादा दोघंही त्यांना बाई म्हणतो. दोघं मार्कंड्याच्या शिवमंदिराच्या जत्रेसाठी आमच्याकडे उतरतात आणि चपला काढायच्या आत सुरू होतात. गंमत अशी की दोघांपैकी एकाचाही जन्म त्या शहरांतला नाही. दादा आणि मी नागभीडकडच्या खेड्यातले, बाई तर याच घरात जन्मलेल्या. दोघांच्याही पायांना धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल लागलेला. दादा नोकरीनं नागपूरकर झाला, बाई लग्नानं पुणेकर. पण ऐकणाऱ्याला वाटावं, दादाच्या आजोबानं सीताबर्डी बांधली आणि बाईंच्या पणजीनं पर्वती.

“बाई, तुमच्या पुण्यात गाडी ठेवाले जागा भेटली का माणूस पेढे वाटते म्हणे,” दादा सुरुवात करणार.

“वाटतो, भाऊ. वाटते नाही. आणि गाडी ठेवत नाहीत, लावतात.”

“लावाले ते का टिकली होय?”

“तुमच्या नागपुरात उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, आधी त्याचं बघा.”

“आमच्याकडं ऊन असते म्हून दिसत नाई. तुमच्याकडं ऊन नसून बी दुपारी कोणी दिसत नाई, त्याचं काय?”

यावर बाई हसू दाबून आत निघून जायच्या. मग जेवायला बसलं की कोथिंबिरीवरून पुन्हा. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. बाई कोथिंबीर मागायच्या आणि दादा त्यांच्या पानात सांबार वाढून म्हणायचा, “घ्या, पुण्याहून मागवली.” शिवाय त्याला दरवर्षी बाईंच्या तोंडून पोपटाची गोष्ट ऐकायचीच असायची. आमच्याकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात. लग्न होऊन नव्यानं पुण्याला गेल्यावर बाईंनी शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं, “आज पोपटाची भाजी केली.” ती शेजारीण म्हणे कित्येक दिवस त्यांच्या घरचं पाणी प्यायली नाही. तिलाच पुढं कधीतरी आदरानं ‘बाई’ म्हटलं, तर ती फणकारली, “बाई तुमची भांड्यांना येते ती. मला काकू म्हणा.” तेव्हापासून बाईंनी जिभेला अशी गाठ मारली की इतक्या वर्षांत पुण्यात काय, इथं येऊनसुद्धा त्यांच्या तोंडून आमच्याकडचा एक शब्द सुटला नव्हता. गोष्ट सांगताना त्या हसायच्या. पण मला त्यांच्यासाठी नेहमी थोडं वाईट वाटायचं.

काही वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीला मात्र या भांडणात माझा जीव अडकला. मुलगी फिजिओथेरपी शिकून बाहेर पडली होती. नागपूरच्या एका दवाखान्यानं तिला घेतलं होतं आणि पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यानंही. पुण्यात चालता न येणाऱ्या लहान मुलांसाठी वेगळा विभाग होता, तिचं मन त्या कामात होतं. दोन्हीकडे त्याच आठवड्यात काय ते कळवायचं होतं.

मला ती नागपूरला हवी होती. सरळ सांगते. नागपूर म्हणजे ब्रह्मपुरीच्या स्टँडवरून सकाळची बस धरली की जेवायला तिथं. तिला ताप आला तर डब्यात वरणभात घेऊन मी त्याच दिवशी तिच्या उशाशी. पुणं म्हणजे आधी नागपूर गाठा, मग रात्रभराची गाडी, तीही आरक्षण मिळालं तर. आणि पोरगी एकुलती एक. पण मी तिला यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर ती माझ्यासाठी थांबली असती, आणि मला थांबलेली मुलगी नको होती. आपणहून नागपूर निवडणारी हवी होती. हट्ट बघा माझा!

दादानं येताना संत्र्यांची पेटी आणली होती. बाईंनी आपल्या घरातल्या रिकाम्या खोलीचे फोटो आणले होते, नवे पडदे लावून काढलेले. “मामा जिता असताना भाची परमुलखात काऊन जाईल?” दादा विचारायचा. “परमुलूख? महाराष्ट्रातच आहे हो पुणं,” बाई म्हणायच्या. मुलगी दोघांनाही एकच उत्तर द्यायची, “मी विचार करून राह्यली.” आणि मी भांडी घासलेली पुन्हा घासायची.

दादाच्या गाडीतून आम्ही मार्कंड्याला गेलो. दादा आणि हे पुढं, आम्ही तिघी मागं. आरमोरी गेली, गडचिरोली गेलं, चामोर्शी आली, तरी पुढच्या आणि मागच्या सीटचं भांडण संपेना. मला खिडकी उघडली तर धूळ, बंद केली तर गुदमरल्यासारखं. मुलगी मध्ये बसून फोन मांडीवर पालथा ठेवून होती. मी एकदा तिच्या फोनकडे बघायची, एकदा तिच्या तोंडाकडे.

देवळाच्या रांगेत उभं राहताना तर माझे पाय जमिनीवर ठरेनात. दादानं हात जोडून मोठ्यानं म्हटलं, “देवा, भाचीले नागपुरातच ठेव.”

“भाऊ, देवाला पत्ते सांगू नका. त्याला पुणंही माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मला काय मागावं तेच सुचेना. नागपूर मागितलं. मग वाटलं, पोरीला पुणं हवं असलं तर? म्हटलं, तिला हवं ते दे. मग पुन्हा वाटलं, असं कसं, नागपूरच दे. माझी ही घालमेल इतका वेळ चालली की मागची एक म्हातारी म्हणाली, “सरका ना बाई पुढं. देवासंग भांडून राह्यल्या का?” मी तशीच सरकले. काय मागून आले, ते माझं मलाही नक्की कळलं नव्हतं.

खाली वैनगंगेच्या रेतीत जत्रा भरली होती. पाळणे, भोंगे, एकाच वेळी चार दुकानांतून चार गाणी. आम्ही सावलीला चटई टाकून डबे सोडत होतो आणि तिचा फोन वाजला. पुण्याचा होता. ती उठून थोडी लांब गेली, एका कानात बोट घालून बोलू लागली. मी बसून राहायला हवं होतं, पण माझ्याच्यानं बसवेना. पाण्याच्या बाटल्या भरायच्या निमित्तानं मी तिच्या मागं गेले.

“हो मॅडम… हॅलो? नाई नाई, नागपूरवरून येऊन राह्यली! हो! नागपूरवरून येऊन राह्यली मी!”

नागपूरवरून. म्हणजे गाडी नागपूरहून धरणार. म्हणजे पुणं. रिकाम्या बाटल्या घेऊन मी तिथंच रेतीत बसले. मला देवाचा राग आला, पुण्याचा आला, बाईंच्या त्या नव्या पडद्यांचा आला, आणि जीव तोडून कोकलणाऱ्या त्या भोंगेवाल्याचा तर इतका आला की विचारू नका. मुलगी वळली. तिच्या तोंडावर असा उजेड होता की तो बघून माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं.

“आई, सांगून टाकलं,” ती म्हणाली.

“बरं केलंस,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आम्ही चटईवर परत आलो, जेवण वाढलं. तिनं अजून मामाला-आत्याला काही सांगितलं नव्हतं, घास हातात घेऊन शब्द जुळवत होती. तेवढ्यात तिच्या फोनवर निरोप आला. तिनं तो वाचला आणि घास पानात टाकला. मग मोठ्यानं वाचून दाखवला. नागपूरमध्येच राहण्याचा आपला निर्णय कळवल्याबद्दल आभार, ही जागा आम्ही दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

“हर हर महादेव!” दादा उठून उभाच राहिला. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि तो हळूच खाली बसला. तिचे डोळे भरून आले होते.

“मी तं येऊन राह्यली म्हटलं ना, आई. दोनदा म्हटलं.”

मला लगेच कळलं काय झालं ते. त्या कल्लोळात पुण्याच्या कानाला दोनच शब्द पोचले असणार. नागपूर आणि राह्यली. राहिली! पोरीनं येते म्हणून सांगितलं आणि त्यांनी राहते म्हणून ऐकलं. ज्या शब्दावर मी आयुष्यभर लाल शाई सांडली, त्यानंच बरोबर वेळ साधली. आणि एक आणखी सांगते, आईचं मन आहे, क्षणभर मला गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मला काही बोलावं लागलं नव्हतं, काही करावं लागलं नव्हतं, आणि पोरगी नागपूरला राहत होती.

पहिला बोलला तो दादा. “बाई, लावा फोन त्याहिले. तुमची भाषा कळते त्याहिले.”

“तुम्ही मला सांगताय, भाऊ?” बाई बघतच राहिल्या.

“मंग? पोरगी नागपुरात आली पायजे तं पुण्याले हरवून आली पायजे. अशी पडून भेटलेली नाई पायजे मले. उठा.”

रेतीत आवाजानं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे वर गाडीपाशी गेलो. ह्यांनी काचा चढवल्या. बाईंनी पदर सारखा केला, मुलीचा फोन स्पीकरवर टाकला आणि अगदी रेडिओवरच्यासारखी सुरुवात केली. नमस्कार, मी अमुक उमेदवाराची आत्या, पुण्यातच राहते, थोडा गैरसमज झालेला दिसतोय. पलीकडच्या मॅडम गोड बोलत होत्या, पण हलत नव्हत्या. “अहो, पण त्यांनी स्वतःच सांगितलं ना, नागपूरला राहिले म्हणून. मी दोनदा विचारलं.”

“नाही हो, तसं नाही म्हणाली ती…”

“राहिले, असंच म्हणाल्या. मी स्वतः ऐकलं.”

“अहो, तिचं राहिले म्हणजे…”

“म्हणजे राहिले. त्यात काय समजायचंय?”

बाईंच्या कपाळावर घाम आला. भाची शेजारी मुसमुसत होती. आणि इतक्या वर्षांची ती गाठ सुटली. “अवो बाई!” त्या ओरडल्या, “ते राह्यली नाई ना! ते येऊन राह्यली! तुमच्याच तिथी येऊन राह्यली!”

दादानं तोंडावर हात दाबला. पलीकडून आवाज आला, “बाई? तुम्ही मला बाई म्हणालात?” आणि मग, “नीट सांगा, नक्की कुठे राहिल्या त्या?”

बाईंनी पोळल्यासारखा फोन झटकला तो माझ्या हातात. मी सगळ्यांकडे बघितलं. मुलगी रडत होती, दादाला हसू आणि रडू एकदम आलं होतं, ह्यांनी मान खाली घातली होती. मी म्हणू शकले असते, असू द्या मॅडम, राहू द्या. गप्प बसले असते तरी पुरलं असतं. पण त्या मॅडमचं ते ‘त्यात काय समजायचंय’ माझ्या डोक्यात गेलं होतं. आणि शेजारी बसलेल्या पोरीचा श्वास मला ऐकू येत होता.

“मॅडम, मी तिची आई. मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला,” मी म्हटलं. “आमच्याकडे ‘येऊन राह्यली’ म्हणजे ‘येत आहे’. तुम्ही ‘येत आहे’ म्हणता, आम्ही ‘येऊन राह्यली’ म्हणतो. त्यात राहण्याचा काही संबंध नाही. पाऊस पडून राह्यला म्हणजे तो थांबला, असं नाही. पडतो आहे.”

“अच्छा!” मॅडम म्हणाल्या. मग थोडं हसून म्हणाल्या, “म्हणजे त्या नक्की काय करणार आहेत?”

एवढं सगळं सांगून झाल्यावर हे एक वाक्य राहिलंच होतं. ते मलाच म्हणावं लागणार होतं, आणि शुद्ध म्हणावं लागणार होतं. फळ्यावर लिहून देताना म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून मी म्हटलं, “माझी मुलगी पुण्याला येत आहे.”

“मग तसं सांगायचं ना!”

“तसंच तर सांगितलं होतं तिनं!” मी इतक्या जोरात म्हटलं की काचेबाहेरचा फुगेवाला दचकला. पण मॅडम चांगल्या होत्या. दुसऱ्या उमेदवाराला अजून फोन गेला नव्हता. सोमवारी हजर व्हा म्हणाल्या. फोन बंद झाला आणि मुलीनं माझ्या गळ्याला मिठी मारली, इतकी घट्ट की माझं मंगळसूत्र रुतलं. मीही रडले. तिला वाटलं, मी आनंदानं रडते आहे. अर्धं खरंही होतं ते.

परतीच्या वाटेवर दादाला चेव आला होता. “बाई, घरी आल्या शेवटी! इतके वर्सं कुठी राह्यल्या होत्या?” बाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या, आणि चामोर्शी जायच्या आत त्यांनीच उलट सुनावलं, “चूप बसा ना भाऊ. पोरगी पुण्याले जाऊन राह्यली, आता तुम्ही संत्री सोलत बसा.” आम्ही सगळे हसलो. ह्यांना तर लहानपणची बहीण परत मिळाल्यासारखं झालं होतं, मागं वळून वळून बघत होते. मी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

त्याला आता वर्षं झाली. मुलगी आत्याकडं राहिली, मग तिथंच तिनं आपलं घर केलं. तिच्या हाताखाली मुलं पहिलं पाऊल टाकतात, त्याचे व्हिडिओ ती मला पाठवते, आणि मी ते गावभर दाखवत फिरते. मला अभिमान आहे, नाही कशाला म्हणू? पण तिची भाषा बदलली. “आई, बघते गं,” म्हणते. “सुट्टी मिळाली की येतेय,” म्हणते. ‘मला’ अगदी स्वच्छ म्हणते. जे मी साऱ्या शाळेला शिकवायला धडपडले ते पुण्यानं तिला फुकटात शिकवलं, आणि आता फोन ठेवल्यावर मला तिचं ‘मले’ आठवत बसायला होतं. दरवर्षी महाशिवरात्रीला ती येते, आणि दरवर्षी “येतेय” म्हणूनच येते.

म्हणून आज सकाळी ती “येऊन राह्यली” म्हणाली आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. कामाचं सांगितलं नाही, रजेचं सांगितलं नाही, जायचं कधी ते सांगितलं नाही. आपल्या शब्दात बोलली. मी तिची खोली झाडली, गादीला नवी खोळ घातली, कपाट रिकामं केलं. आख्खं कपाट! मग धानाच्या दोन पायल्या जास्तीच्या काढून ठेवल्या. आमचे हे दोर वळता वळता सगळं बघत होते.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. गाडीत बसली होती. ह्यांनी घेतला, बोलले, ठेवला, आणि पुन्हा दोर हातात घेतला.

“काय म्हणते?” मी दारातूनच विचारलं.

“येऊन राह्यली म्हणते. मार्कंडा करून सोमवारी वापस.”

“बरं,” मी म्हटलं आणि सूप पुढ्यात ओढून बसले. दिवसभर मी तो शब्द पुण्याच्या कानानं ऐकत होते. त्यात राहण्याचा काही संबंध नाही, असं त्या मॅडमला सांगणारी मीच ना?